झाडलोट

नांदे गावात, सूसकडून येणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, एक जुना गोठा होता. गुरं विकली गेली होती, गव्हाणी मात्र शाबूत होत्या. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका हौशी अभियंत्याने तो भाड्याने घेतला आणि शनिवार-रविवार जुन्या धातुकामाचं शिबिर भरवलं. पहिल्या दिवशी तांबं, दुसऱ्या दिवशी चांदी. बाराजण आले. बहुतेक पुण्यातले, बाणेर-बालेवाडीकडचे, आठवडाभर पडद्यासमोर बसणारे. गोठा झाडायला गावातल्याच एक मावशी होत्या.

शनिवारी कसबा पेठेतल्या तांबट आळीतून एक कारागीर आले. पेशवाईपासून त्या आळीत हंडे, कळश्या, बंब घडत आले आहेत. त्यांनी तांब्याचा पत्रा लाल होईपर्यंत तापवला, चर्रकन पाण्यात बुडवला आणि एकाच्या हातात देऊन म्हणाले, "वाकवा." पत्रा सहज वाकला. पोलाद असं विझवलं की कडक होतं, तांबं मऊ होतं. मग ठोके खाऊन ते पुन्हा ताठर होतं आणि पुन्हा आगीत घालावं लागतं, नाहीतर चिरतं. भांडं घडून झालं की शेवटी मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने ठोके द्यायचे, एकाला एक खेटून. त्याने भांड्याला बळकटी येते आणि चमकही येते. दुपारपर्यंत बाराही जणांचे खांदे भरून आले होते आणि चेहरे खुलले होते.

जेवताना दायमाबादची गोष्ट निघाली. प्रवरेच्या काठी १९७४ साली एक भिल्ल शेतकरी झुडपाचं मूळ उकरत होता. त्याच्या हाताला लागली ती बैलांच्या रथाची, हत्तीची, गेंड्याची आणि रेड्याची ओतीव शिल्पं, चारांचं मिळून साठ किलोहून जास्त वजन. "आणि हे सापडलं कुणाला बघा," शिबिराचे चालक म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पलीकडे मावशी तांब्याचं काळं कीट आणि कीस एका पत्र्याच्या डब्यात भरत होत्या. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

रविवारी अण्णा आले. मूळचे हुपरीचे, घरात चांदीचंच काम. त्यांनी प्रत्येकाला दहा ग्रॅम चांदी मोजून दिली आणि वहीत एकशेवीस लिहिले. बैठकीला गोणपाटं अंथरली होती. कांडी ठोकून लांबवायची, टोक कानशीने निमुळतं करायचं, मग जंतरातून ओढायची. जंतर म्हणजे उतरत्या मापाच्या भोकांची पोलादी पट्टी. एका भोकातून तार ओढली की पुढचं बारीक भोक. नवख्यांची टोकं तुटत होती, पुन्हा कानस लागत होती. तरी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाकडे वेढ्यांची जोडवी तयार झाली होती. थोडी वाकडी, पण स्वतःच्या हातची.

अण्णांनी जोडवी आणि उरलेले तुकडे काट्यावर ठेवले. एकशेचौदा भरले.

"सहा ग्रॅम कुठे गेले?" एका तरुणाने विचारलं. कुणी काही बोलेना. मग त्यानेच विचारलं, "दुपारी इथे झाडायला कोण होतं?"

असा प्रश्न साधा दिसतो, पण त्याला बोट असतं. सगळ्यांच्या नजरा दाराकडे गेल्या. अण्णांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी आत आल्या. एका हातात दुसरा डबा, दुसऱ्या हातात बादली.

"मीच होते," त्या म्हणाल्या. "हा आजचा केर. तांब्याचा कालचा निराळा ठेवलाय, मिसळला असता तर चांदी नासली असती. ह्या बादलीत तुम्ही दुपारी हात धुतलेत. ते पाणी ओतायचं नसतं."

अण्णा ताडकन उभे राहिले. "बाई, तुम्ही झारेकऱ्याच्या घरातल्या का?"

"माहेर तिकडलं. बाप सोनारांचा केर विकत घ्यायचा. आमचं घर त्याच्यावर चालायचं."

सराफकट्ट्यावर आजही जाणत्या सोनाराला झारेकऱ्याची किंमत कळते. दुकानातली धूळ, शेगडीची राख, हात पुसलेलं फडकं, सगळं तो विकत घेतो आणि त्यातून सोनं-चांदी वेगळी काढतो. बाहेरच्यांना मात्र हा माणूस दिसतच नाही.

मावशींनी गोणपाटं अलगद गुंडाळून लोखंडी घमेल्यात जाळली. राख आणि केर चाळला. बादलीचं पाणी निथळून तळाचा गाळ त्यात घातला. मग परातीत घेऊन पाण्यात हलवायला लागल्या. मनगट जेमतेम फिरत होतं. परात एका अंगाला कलती, राखेचं पाणी काठावरून निसटे, पुन्हा सरळ. चांदी मातीहून चौपट जड, ती तळाशीच बसते, पण हात जरा घाईत आला की तीही वाहून जाते. त्या तरुणाने परात मागितली. दोन हेलकाव्यांत अण्णा ओरडले, "थांबा, गेली!" आणि त्याने परात निमूटपणे परत दिली. शेवटी मूठभर करडा चुरा उरला. तो वाळवून मावशींनी वरून लोहचुंबक फिरवला आणि कानशीचं लोखंड उचलून घेतलं.

"बापाकडे पारा असायचा," त्या म्हणाल्या. "त्याने त्याचे हात कापायला लागले. मी पारा नाही वापरत."

चुरा मुशीत गेला, वर टाकणखार. अण्णांनी ज्योत धरली. आधी सगळं काळं, मग खदखदलं, मग मळ बाजूला सरून मधे एक थेंब आरशासारखा चमकला. थंड झाल्यावर काट्यावर ठेवला. साडेचार ग्रॅम.

"अजून दीड," तो तरुण म्हणाला, पण आता हळू आवाजात.

"बूट काढा, दादा," मावशी म्हणाल्या. "सोनार अनवाणी बसतो ते उगाच नाही. थोडी तुमच्या तळव्याला असेल, थोडी विजारीच्या दुमडीत. राहिलेली धुरात गेली, ती देवाची."

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. त्या संध्याकाळी झारेकऱ्याच्या लेकीने टोचले, आणि चांगले टोचले. बूट काढून तो तरुण परातीपाशी मांडी घालून बसला. दातांच्या ब्रशने त्याने एकेक खाच खरवडली. "मावशी, माझं चुकलं," तो म्हणाला. त्या म्हणाल्या, "ब्रश ओला करा, उडतंय." पाठोपाठ बाकीचेही बूट घेऊन आले.

चालकांनी पाकीट काढलं. मावशींचा रोज त्यांनी आधीच दिला होता, आता वर काहीतरी द्यावं असं त्यांच्या मनात होतं. अण्णांनी त्यांचा हात धरला. "बक्षिसी नको. पुढच्या वेळी शिकवणाऱ्यांत तिसरं नाव यांचं घाला. मानधन माझ्याइतकंच. आणि पहिला तास यांचा. केर कसा धरायचा ते कळल्याशिवाय कुणाच्या हातात चांदी द्यायची नाही."

चालकांनी मावशींकडे पाहिलं.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण झाडायला दुसरं माणूस बघू नका. झाडतील ते हेच बाराजण, मी सांगेन तसं."