पेंड म्हशीला, मिश्री सुनेला

भालकी तालुक्यातलं एक कुटुंब पोटासाठी बंगळूरला आलं. व्हाइटफील्डच्या बाजूला इमारतीच्या कामावर, पत्र्याच्या खोलीत राहू लागलं. सुनेला सहावा महिना लागला होता. सासूचं म्हणणं ठाम : "पोटभर खाल्लं की बाळ मोठं होतं, मग सिझर. अर्धी भाकर खा, सुखानं मोकळी होशील." भुकेनं सून कळवळली, की सासू तिच्या तळहातावर मिश्री ठेवायची. मिश्री लावून भूक मारायची आणि पुन्हा विटा उचलायच्या, असा सुनेचा दिवस जायचा.

सरकारी दवाखान्यात सिस्टरनं सुनेचं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, पाहिलं. हिमोग्लोबिन साडेआठ, गरोदरपणात ते 11 च्या खाली जाऊ नये. वजनही वाढलेलं नव्हतं. सिस्टर निपाणीची, मराठी बोलणारी.

"मावशी, गावाकडं जनावरं आहेत?"

"हाय की, म्हैस. गाभण हाय."

"तिला काय घालता?"

सासू खुलली. "सरकी, पेंड, हिरवा चारा. व्यायच्या आधी दोन महिने दूधबी आटवतो. तिच्या अंगी लागाया नको?"

"रेडकू मोठं होऊन अडेल, म्हणून पेंड कमी नाही करत?"

"अवं, मग रेडकू मरतुकडं निपजंल!"

"आणि सुनेचं?"

सासू गप्प झाली.

"अडलंच तर दवाखाना आहे, मावशी. पण अडीच किलोच्या आतलं बाळ लवकर गारठतं, दूध ओढताना दमतं, आजारानं पटकन खचतं. अन् मिश्रीचं म्हणाल, तर माझं गावच तंबाखूचं. मुंबईत 1217 गरोदर बायांची पाहणी झाली, 2004 साली ती छापून आली. तंबाखू खाणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या बायांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली."

त्या दिवसापासून सुनेला पूर्ण भाकरी, डाळ, शेवग्याचा पाला, शेंगदाणे मिळू लागले. दुपारचं गरम जेवण अंगणवाडीत. लोहाची गोळी चहासोबत नाही, लिंबूपाण्यासोबत. नवऱ्यानं मुकादमाला सांगून तिचं ओझं वाहणं बंद केलं. सासूची स्वतःची मिश्री काही सुटली नाही, पण सुनेच्या हातावर तिनं ती पुन्हा ठेवली नाही.

दिवस भरल्यावर सून सुखरूप बाळंत झाली. सिझर लागलं नाही. बाळ दोन किलो सातशे ग्रॅमचं.

बोध : आईला उपाशी ठेवल्यानं बाळंतपण सोपं होत नाही, बाळ मात्र दुबळं होतं. घरात गरोदर बाई असेल, तर पहिलं ताट तिचं वाढा.