दाईची मुलगी

नोराची भूमिका बसवताना भाची तिसऱ्या अंकाशी अडली होती. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’चा शेवट तिच्या गळी उतरत नव्हता.

“नवऱ्याला सोडलं, ते पटतं. त्याचा जीव वाचावा म्हणून हिने बापाची खोटी सही करून कर्ज काढलं, आणि ते कळताच त्याला आधी स्वतःची अब्रू आठवली! पण तीन लेकरं, मावशी?”

मावशीने वर्षानुवर्षं नाटक शिकवलेलं. हा प्रश्न नाटकाइतकाच जुना आहे, ती म्हणाली. डिसेंबर 1879 मध्ये कोपनहेगनला पहिला प्रयोग झाला. त्यानंतर जर्मनीत हेडविग नीमान-राबे ही नटी अडून बसली: मी माझी मुलं सोडून गेले नसते, म्हणून हा शेवट करणार नाही. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात नोराचा नवरा हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. स्वतः इब्सेनला मात्र हा नाटकावरचा अत्याचार वाटत होता.

“त्या बाईंचं माझ्यासारखंच झालं म्हणायचं.”

“तुमच्या संहितेत दुसऱ्या अंकातला दाईचा प्रवेश आहे ना?”

“लांबी कमी करायला कापलाय.”

“तिथेच तर सगळं आहे! नोरा दाईला विचारते, स्वतःची मुलगी परक्यांच्या हाती द्यायला तुझं मन कसं धजलं? दाई सांगते, छोट्या नोराला सांभाळायला यायचं तर दुसरा इलाज नव्हता. फसलेल्या गरीब मुलीला ती नोकरी म्हणजे नशीबच. या आईसाठी शेवट बदलून द्या, असं कुठल्या नटीने म्हटलं?”

भाचीने लगेच उलट टोक पकडलं. “मग नोरा जास्तच दोषी! जाताना ती मुलं त्याच दाईच्या भरवशावर टाकते. एकीने मोकळं व्हायचं, दुसरीने आयुष्यभर परक्यांची मुलं वाढवायची?”

हा मुद्दा खोडता येण्यासारखा नाही, आणि मावशीनेही तो खोडला नाही. तिने फक्त आठवण दिली, की नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही, हे पहिल्याच अंकात येतं. आणि मुलं तुझ्या हाती देणार नाही, हे हेल्मर नोराच्या आधी बोलून बसलेला असतो.

“म्हणजे राहिली असती तरी मुलं तिची नव्हतीच?”

“आणि दाईची तरी कुठे होती?”

“उद्या तो प्रवेश परत मागते,” भाची म्हणाली. “प्रेक्षक माझ्यावर चिडले तरी चालेल.”