सुखाचं रिकरिंग

सुखाच्या बाबतीत मी तसा मागासलेला माणूस. मुरुडच्या बँकेत काउंटरमागं बसून चाळिशी ओलांडली, पण 'आपण सुखी आहोत का?' हा प्रश्न कधी पडला नाही. काउंटरवर पडणारे प्रश्न निराळे. "सायेब, पेन्शन आली का?" आणि "लिंक कवा येनार?" हे त्यातले मुख्य.

मग एके दिवशी वाचनात आलं की, सुखाचेही तज्ज्ञ असतात. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं १९३८ साली माणसांच्या आयुष्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. कॉलेजातले विद्यार्थी आणि बोस्टनच्या गरीब वस्तीतली पोरं मिळून ७२४ खाती, आणि ऐंशीहून अधिक वर्षं झाली तरी खतावणी चालूच! मी बी.कॉम. माणूस, मला गहिवरून आलं. हिशेबाअंती शिल्लक निघाली ती अशी की, पैसा नि प्रसिद्धी यांपेक्षा जिव्हाळ्याची नाती माणसाला सुखी ठेवतात. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची, ते ऐंशीत जास्त धडधाकट.

मी हे सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "त्यात बायका किती?"

सुरुवातीला एकही नव्हती. त्यांना पुष्कळ वर्षांनी विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "नाती सांभाळायची बायकांनी, आणि सुखी आहात का ते विचारायचं पुरुषांना!"

असो. माझी पन्नाशी अजून यायची होती, म्हणजे मुदत शिल्लक होती. थोरल्या भावाशी विहिरीच्या पाळीवरून दोन वर्षं अबोला होता. रविवारी पाव किलो पेढे घेऊन मी शेतावर गेलो. दादानं आधी पेढ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काय काम काढलंस?"

"काही नाही. सहज आलो."

"सहज? थांब, चष्मा आणतो. कुठं सही करायची ते दाखव."

मी ओशाळलो, कारण दादाचा अंदाज फारसा चुकला नव्हता. काम होतंच. माझ्या ऐंशीव्या वर्षाची तरतूद करायला मी आलो होतो. भावाच्या नावानं सुखाचं रिकरिंग उघडायचं आणि पेढे हा त्याचा पहिला हप्ता!

कॉलेजात अर्थशास्त्राच्या पेपरापुरता जॉन स्टुअर्ट मिल भेटला होता. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यानं सांगून ठेवलंय की, सुखाच्या मागं लागलं की ते हाती येत नाही; मन दुसऱ्या कशात गुंतलं असलं की ते वाटेत भेटतं. परीक्षेत हे आलं नाही, म्हणून मी वाचलं नव्हतं. दादानं तर मिलचं नावही ऐकलेलं नाही. पण २०१६ चा उन्हाळा मला आठवला. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पेपरात फोटो झळकले. आमच्या गल्लीत टँकरचा नेम नव्हता. दादाच्या बोअरला करंगळीएवढी धार होती. रोज पहाटे तो मोटारसायकलला दोन कॅन बांधून यायचा, दारात ठेवायचा आणि न बोलता निघून जायचा. न बोलता, कारण तेव्हाही आमचा अबोलाच होता. कारण फक्त वेगळं होतं. ते पाणी त्यानं कुठल्या खात्यात लिहिलं नाही. आणि जन्मभर जमाखर्च लिहिणाऱ्या मी ते कधी जमेला धरलं नाही.

तज्ज्ञांचं चुकलेलं नाही. नात्यातून सुख मिळतं, हे खरंच. पण सुख मिळावं म्हणून नातं धरायला गेलं, की भाऊ चष्मा आणायला उठतो.

"दादा," मी म्हणालो, "विहिरीवरची मोटार जळाली म्हणे?"

तो थबकला. "परवाच. चल, दाखवतो."

मग दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं त्या मोटारीशी झटत होतो. हात काळे झाले, पेढ्यांना मुंग्या लागल्या, आणि पाळीचा प्रश्न जिथल्या तिथं राहिला. आपण सुखी आहोत का, हे स्वतःला विचारायचं मात्र त्या गडबडीत राहूनच गेलं.