जे दिलेलं नाही

नागपूरच्या धरमपेठ-गोकुळपेठेच्या गल्ल्यांत सीएंची ऑफिसं, शिकवणी वर्ग आणि डीटीपीची दुकानं दाटीनं आहेत. अशा ठिकाणी कुणीतरी हमखास म्हणतो, ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर वापरलं तर ती चोरी कशी? सायकल नेली तर मालकाला पायी जावं लागतं. इथे त्याची प्रत जागच्या जागी आहे.

युक्तिवाद चतुर आहे, पण टिकत नाही.

जवळच दीक्षाभूमी आहे. 1956च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी तिथे अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत चोरी न करण्याचीही एक आहे. बौद्ध पंचशीलातलं दुसरं शील मालकाचं किती नुकसान झालं हे मोजत नाही. दिलेलं नसताना घेतलं का, एवढंच ते विचारतं. जैन आचार्य उमास्वातींची कसोटीही हीच. अचौर्यव्रताचे दोष सांगताना त्यांनी चोरीला प्रवृत्त करणं, चोरीचा माल घेणं, राज्याचा नियम मोडणं आणि बनावट मालाचा व्यवहार हेही मोजले. पेनड्राइव्हवरून ‘क्रॅक’ बसवून देणारा आणि बसवून घेणारा, दोघांनाही हे लागू पडतं. कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब तर थेट वापरणाऱ्यालाच धरतं: जाणूनबुजून बेकायदा प्रत चालवली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं.

पण दिलेलं आहे का, हीच कसोटी असेल, तर जे मोकळ्या हातानं दिलंय ते घेताना संकोच कशाला? लिबरऑफिस ऑफिसातल्या हव्या तितक्या संगणकांवर विनाशुल्क चालतं. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट लग्नपत्रिकेपासून पुस्तकापर्यंत कुठेही वापरता येतो. नुसता फॉन्ट विकायचा मात्र नाही. टॅली शिकणाऱ्यासाठी एज्युकेशनल मोड आहे, त्यात महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात. म्हणजे देणाऱ्याच्या अटी असतात, आणि त्या अटीही दानाचाच भाग आहेत. टीमव्ह्यूअर घरगुती वापराला फुकट आहे. त्याच फुकट प्रतीवर अशिलांची कामं उरकली, तर न दिलेलंच घेतलं जातं.

दुसऱ्या टोकाची चूक प्रामाणिक माणसं करतात. नोटीस येईल या धास्तीनं ती गरजेपेक्षा जास्त परवाने घेतात, नोकरी सोडून गेलेल्याच्या नावचं सबस्क्रिप्शनही भरत राहतात. अचौर्याबरोबरच अपरिग्रह हेही व्रत आहे. न वापरलेल्या परवान्यांचा साठा त्यात बसत नाही, आणि भीतीपोटी भरलेल्या पैशाला सचोटी म्हणता येत नाही.

म्हणून मार्चअखेरचा हिशेब बंद करताना ऑफिसातल्या प्रत्येक संगणकासाठी लिहून काढा: त्यावर काय चालतं, कोण वापरतं, कोणत्या परवान्यावर. परवाना नसेल ते त्याच दिवशी काढून टाका, आणि कुणीच वापरत नसेल त्याचं नूतनीकरण करू नका.