न्यायाधीशाचें धैर्य आणि न्यायाचें स्वातंत्र्य

रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळा. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि शास्त्रीबोवांनीं ज्यास दोषी धरिलें तो रघुनाथराव स्वतःच पेशवेपदावर आला. देहान्त प्रायश्चित्त त्याच्या तोंडावर सांगून शास्त्रीबोवा पुण्याबाहेर पडले, ही कथा आपण मुलांना अभिमानानें सांगतों. परंतु तींतील एक गोष्ट आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. शिक्षा सांगणारा गांव सोडून गेला आणि शिक्षेस पात्र ठरलेला गादीवर राहिला. न्यायाधीश स्वतंत्र होता. न्याय मात्र स्वतंत्र नव्हता.

न्यायदानास अलौकिक धैर्य लागावें, हें राज्यव्यवस्थेचें भूषण नव्हे, वैगुण्य होय. रामशास्त्री शतकांत एखादाच जन्मतो. फिर्यादी मात्र रोज दाराशीं उभा असतो. इंग्लंडांत पहिल्या जेम्स राजापुढें न नमणाऱ्या सर एडवर्ड कोक यांस १६१६ सालीं न्यायासन सोडावें लागलें. पुढें १७०१ च्या कायद्यानें न्यायाधीशांचें पद राजाच्या मर्जीवर न ठेवतां त्यांच्या सद्वर्तनावर ठेविलें. आपल्या राज्यघटनेंतही सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध झाल्याशिवाय आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनीं विशेष बहुमतानें मागणी केल्याशिवाय दूर करतां येत नाहीं. हें संरक्षण न्यायाधीशाच्या मानमरातबासाठीं नाहीं. साध्या, संसारी, भित्र्या मनुष्यालाही सरकाराविरुद्ध निकाल देतां यावा, एवढ्यासाठीं तें आहे. त्याचा खरा धनी पक्षकारच होय.

मग एवढी तटबंदी पुरेशी आहे काय? आणीबाणीच्या काळांत, चौकशीशिवाय स्थानबद्ध केलेल्या मनुष्यास न्यायालयाचें दार ठोठावतां येईल कीं नाहीं, असा प्रश्न निघाला. ता. २८ एप्रिल १९७६ रोजीं पांचांपैकीं चार न्यायाधीशांनीं ‘नाहीं’ म्हटलें. एकट्या हंसराज खन्नांनीं विरुद्ध मत दिलें. पदाचें संरक्षण पांचांनाही सारखेंच होतें! जानेवारी १९७७ मध्यें खन्नांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यांत आलें, आणि त्यांनीं राजीनामा दिला. जीविताचा हक्क आणीबाणींतही स्थगित करतां येऊं नये, अशी दुरुस्ती १९७८ सालीं घटनेंत झाली, आणि बहुमताचा तो निर्णय २०१७ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें रद्द ठरविला. परंतु ज्यांचे दिवस तुरुंगांत गेले, त्यांस ते कोणी परत दिले नाहींत.

यावरून असें दिसतें कीं, कायदा न्यायाधीशाचें भय दूर करूं शकतो. त्याची आशा दूर करूं शकत नाहीं. आहे तें जाईल ही भीति गेली, तरी नाहीं तें मिळेल हा मोह उरतोच. म्हणून बढती आणि निवृत्तीनंतरचीं पदें सरकारच्या कृपेवर जितकीं कमी अवलंबून राहतील, तितकें बरें.

राहिला प्रश्न आपला. न्यायालय आपल्या पक्षाविरुद्ध निकाल देतें, तेव्हां आपण त्याच्या युक्तिवादावर टीका करतों कीं त्याच्या हेतूवर? पहिली टीका न्यायास उपकारक आहे. दुसरी पुराव्यावांचून करणारा मनुष्य, दरबार कोणताही असो, रघुनाथरावाचाच दरबारी होय. रामशास्त्र्यांची कथा सांगणें सोपें आहे. त्यांचा निकाल आपल्यावर येईल तेव्हां तो मानणें अवघड. त्या अवघड गोष्टीची संवय समाजास लागेल, तेव्हांच कोणाही शास्त्र्यास गांव सोडावें लागणार नाहीं.