राजुल आणि शिरोडकर

वयात आलेल्या मुलींच्या हाती प्रेमाच्या कादंबऱ्या द्याव्यात की नाही, हा विषय आमच्या बेळगावच्या बायकांत निघाला की एक वाक्य हमखास येतंच. "ते प्रेम नसतं गं, नुसतं आकर्षण असतं." मला त्यातलं 'नुसतं' खटकतं.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' 2004 साली आली. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याची मित्रमंडळी. त्या जोशीला वर्गातली शिरोडकर आवडते. तिच्या वाटेवर रेंगाळणं, ती एखादा शब्द बोलली की दिवसभर तोच घोळवणं, बस्स, एवढंच. 2012 साली त्याचा सिनेमाही आला, तो आपल्यापैकी पुष्कळजणींनी घरच्यांच्या जोडीने बसून पाहिला असेल, डोळेही पुसले असतील. मग तेच पुस्तक मुलीच्या उशीखाली सापडलं की आपल्या पोटात गोळा का येतो?

भीती अगदीच खोटी नाही, हे मी मान्य करते. मुलगा नापास झाला तर त्याचं एक वर्ष जातं. मुलीचं नाव कुणाबरोबर घेतलं गेलं तर तिची शाळाच जाते. एसएसएलसी झाली, आता पीयूसी कशाला, स्थळं बघा, असं म्हणणारे काका-मामा अजून आहेत. पण नीट पाहिलं तर हा धोका पुस्तकातून येत नाही. तो येतो आपल्याच घरच्या बैठकीतून.

आणि 'नुसतं' म्हणून तो टळतो का? पंधरा वर्षांच्या पोरीच्या छातीत जे धडधडतं ते तिला पक्कं ठाऊक असतं. आपण म्हणतो, ते नाहीच. म्हणजे तिच्या जिवाला जे खरं वाटतं त्याला आपण खोटं ठरवतो, वर हसतो. मन-वचन-कायेने कुणाला दुखवू नये असं आपण रोज म्हणतो. यातलं 'वचन' घरातल्या पोरींच्या बाबतीत आपण सोयीने विसरतो. तिने काय करावं, काय करू नये, हे आईने जरूर सांगावं. पण आधी आहे म्हणावं. जे नाहीच, त्याचा संयम ती कशी करणार?

आपली राजुल आठवा. नेमिकुमारांची वरात आली, मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला आणि रथ मागे फिरवला. ते गिरनारला गेले. इकडे नटूनथटून बसलेली राजुल! लग्न लागलेलं नाही, सहवास नाही, मग हेही 'नुसतं'च म्हणायचं की! पण आपल्या कवींनी तसं म्हटलं नाही. गुजराती-हिंदीत तिच्या विरहाचे बारमासे लिहिले गेले, एकेका महिन्याचं तिचं दुःख गायलं गेलं. शेवटी तीही दीक्षा घेते. तिचा राग, म्हणजे आसक्ती, खरी होती म्हणून तिच्या विरागाला वजन आलं. मंदिरात तिची गाणी म्हणताना आपला आवाज भरून येतो, आणि घरी आल्यावर मुलीचं दप्तर तपासतो.

'शाळा'बद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. जोशीच्या मनातलं सगळं आपल्याला कळतं, कारण तोच सांगतो. शिरोडकर मात्र आपल्याला बाहेरूनच दिसते, लक्षातही राहते ती आडनावाने. शेवटी ती गाव सोडून जाते, तो तिथेच राहतो. लेखकाचा दोष नाही, गोष्टच मुलाची आहे. पण शाळा संपते ती मुलींचीच जास्त. मुलांचे कट्टे टिकतात, पन्नाशीतही ते त्याच हॉटेलात चहाला जमतात. आपली बाकावरची मैत्रीण कोल्हापूरला की हुबळीला दिली हे आपल्याला तिच्या काकूकडून कळतं, तेही बाळंतपणानंतर. त्या तुटलेल्या मैत्रीचं दुःख पहिल्या प्रेमाहून कमी असतं, असं मला वाटत नाही. त्यावर कादंबऱ्या फार थोड्या.

परवा शेजारच्या वहिनींनी असंच एक पुस्तक माझ्याकडे ठेवायला आणलं, "हिच्या हाती लागू नये" म्हणून. मी म्हटलं, वहिनी, आधी तुम्ही वाचा, मग तिला परत द्या आणि विचारा, त्या शिरोडकरच्या मनात काय असेल गं? चार दिवस झाले. पुस्तक अजून वहिनींकडेच आहे. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीत दिवा दिसतो.