पोराचं वय आणि शिक्षेचं माप



पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण बऱ्याच जणांना आठवत असेल. ऑगस्ट २०१८. ११ तारखेला, शनिवारी, बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. सोमवारी १३ तारखेला आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. आपल्याकडं मुंबई, इंदूर, कोल्हापूर अशा ठिकाणी एटीएमपुढं उभं राहून एकामागून एक कार्ड घालणारी माणसं होती. त्यातल्या ११ जणांवर गुन्हा शाबित झाला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ९ जणांना चार वर्षं आणि दोघांना तीन वर्षं शिक्षा दिली.

अशी बातमी ग्रुपवर आली की खाली लगेच उत्तरं येतात. "एवढंच?" "चार वर्षांत बाहेर येऊन परत तेच करणार." आणि गुन्हेगार वीस-बावीस वर्षांचा असला तर राग आणखी वाढतो. कोर्टानं 'वय लहान आहे, पुढं आयुष्य पडलंय' असं म्हटलं की लोकांना वाटतं, आपल्या आयुष्याचं काय? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघं जण गेले आणि त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचा जो संताप झाला तो याच जातीचा होता.

हा राग खोटा नाही, हे आधी मान्य करू या. सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यानुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. पण कोटीचा आकडा डोक्यात शिरत नाही. आपल्या आळंद भागातलं बघा. तूर विकून आलेले पैसे खात्यावर पडतात. त्यातून सोसायटीचं देणं, मुलीचं लग्न, पुढच्या पेऱ्याचं बियाणं. ते एका फोनवर गेले तर घरातला म्हातारा माणूस आठ-आठ दिवस कुणाला सांगत नाही. पैसे गेल्याचं दुःख असतंच, पण आपण फसलो याची लाज त्याहून मोठी. पोरं चिडतील, सुना हसतील असं वाटतं. रानातून तूर चोरणारा निदान मालकाला वेडा ठरवून जात नाही.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याची ओळख चोरणं किंवा कॉम्प्युटर-मोबाईलवरून सोंग घेऊन फसवणं, याला जास्तीत जास्त तीन वर्षं आणि एक लाखापर्यंत दंड. तीन वर्षांचे हे गुन्हे जामीनपात्र आहेत. साध्या फसवणुकीचं कलम जोडलं तर सात वर्षांपर्यंत जाता येतं. दुसऱ्या बाजूला १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. त्यात म्हटलंय की गुन्हेगार २१ वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या पातळीचा नसेल, तर कोर्टानं शक्यतो त्याला तुरुंगात पाठवू नये, आणि पाठवायचंच असेल तर कारण लिहावं. अठराच्या आतल्यांचा मार्ग आणखी वेगळा, बाल न्याय मंडळाचा.

म्हणजे शिक्षा मवाळच आहे, असं वाटेल. पण जुलै २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणी कोर्टानं 'डिजिटल अरेस्ट'च्या एका प्रकरणात ९ जणांना जन्मठेप दिली. तिकडं अमेरिकेत, भारतातल्या एका बँकेसह अनेक बँकांचे चोरलेले पैसे एटीएममधून काढायला माणसं जमवणाऱ्या कॅनडाच्या एकाला २०२१ मध्ये ११ वर्षं ८ महिने झाले. कुठं चार वर्षं, कुठं पावणेबारा, कुठं जन्म. मग माप कुठलं धरायचं?

आपल्याकडं हा प्रश्न नवा नाही बरं का. महाभारतात आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. ऋषी मौनात बसलेले. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात आणून लपवला. शिपायांनी माल तिथं पकडला आणि ऋषींनाही चोर ठरवून सुळावर चढवलं. ते मेले नाहीत. पुढं राजाला चूक कळली, खाली उतरवलं, पण सुळाचं टोक अंगातच राहिलं. मांडव्यांनी यमधर्माला जाऊन विचारलं, माझं असं कुठलं पाप होतं? यम म्हणाला, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचत होतास. ऋषी संतापले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? तेही त्या वयातल्या? त्यांनी यमालाच शाप दिला, तू दासीच्या पोटी जन्म घेशील. तोच विदुर. आणि मर्यादा घालून दिली की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलानं केलेलं पाप म्हणून गणलं जाणार नाही.

साक्षात न्यायाच्या देवाला शिक्षा झाली ती लहान मुलाला मोठ्याच्या मापानं मोजलं म्हणून. तेव्हा 'आजकालच्या कायद्यानंच पोरांना डोक्यावर बसवलंय' हे म्हणणं टिकत नाही. वयाची सवलत आपल्या घरातलीच आहे.

पण या गोष्टीत मला दुसरंही काहीतरी दिसतं. काडी टोचणाऱ्या पोराला किड्याची वेदना कळत नव्हती. किडा ओरडत नाही. मोबाईलवर फसवणाऱ्या पोराचंही असंच असतं. त्याच्यापुढं माणूस नसतो, एक नंबर असतो. समोरची आजी पदर डोळ्याला लावताना त्याला दिसत नाही. फोन कट केला की संपलं. चौदा वर्षांच्या मुलाला ही कल्पना नसते हे समजू शकतो. एकोणीस-वीस वर्षांच्याला नसते असं कुणी म्हणालं तर मी अर्धंच मानेन. त्याला माहीत असतं, पण न बघण्याची सोय त्याला मिळालेली असते. शिक्षेनं ती सोय काढून घ्यायला हवी. वर्षं किती, हा त्यानंतरचा हिशेब.

दोन परदेशी पोरांचं सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात येईल.

फिनलंडमधला किविमाकी नावाचा मुलगा. २०१५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, कॉम्प्युटरमध्ये घुसण्याच्या ५०,७०० गुन्ह्यांत तो दोषी ठरला. शिक्षा दोन वर्षं, तीही स्थगित, म्हणजे घरीच. त्यानं इंटरनेटवर स्वतःच्या नावापुढं काय लिहावं? 'कुणी हात लावू शकत नाही असा हॅकर देव.' पुढं त्याच देशातल्या एका मानसोपचार संस्थेची माहिती चोरीला गेली. हजारो रुग्णांनी डॉक्टरजवळ मोकळं केलेलं मन चोराच्या हाती लागलं, आणि २०२० मध्ये एकेका रुग्णाला मेसेज आले, पैसे द्या नाहीतर सगळं उघड करतो. त्या गुन्ह्यासाठी एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या कोर्टानं किविमाकीलाच सहा वर्षं तीन महिने दिले.

दुसरा इंग्लंडचा मार्कस हचिन्स. यानंही अल्लड वयात बँकांची खाती लुटायला वापरला जाणारा एक प्रोग्राम लिहून विकला होता. पण नंतर तो त्यातून बाहेर पडला. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसनं जगभर थैमान घातलं, इंग्लंडमधल्या दवाखान्यांचं काम बंद पडलं, तेव्हा तो पसरायचा थांबला तो याच हचिन्समुळं. तीन महिन्यांत अमेरिकेत त्याला जुन्या गुन्ह्यासाठी अटक झाली. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी त्याचं नंतरचं वागणं बघितलं आणि भोगली तेवढी कोठडी पुरे, वर एक वर्ष देखरेख, एवढ्यावर सोडलं.

दोघंही कोवळ्या वयातले, दोघांनाही सौम्य शिक्षा. एका ठिकाणी ती चुकली, एका ठिकाणी बरोबर ठरली. हचिन्स कोर्टात उभा राहायच्या आधीच वळलेला होता. किविमाकी वळला नव्हता, आणि त्या स्थगित शिक्षेनं त्याला वळवलंही नाही.  ती सवलत त्याला बक्षिसासारखी वाटली.

म्हणून मला विचाराल तर पहिल्या गुन्ह्याला, कोवळ्या वयात, लांबचा तुरुंग नको. पाच वर्षं सराईत चोरांत काढून आलेलं पोरगं शहाणं होऊन येईल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एखाद्या वकिलाशी बोलावं. पण निकाल लवकर लागावा. गुन्ह्याला चार-पाच वर्षं उलटून शिक्षा झाली तर ती पोराच्या मनात गुन्ह्याला जोडलीच जात नाही. आणि पैसे परत फेडायला लावावेत. १९५८ च्या त्याच कायद्यात सोय आहे की सोडून देताना कोर्ट नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतं आणि अधिकाऱ्याची देखरेख ठेवू शकतं. दर महिन्याला पगारातून हजार-दोन हजार त्या म्हाताऱ्याच्या खात्यात जात राहावेत, पाच वर्षं, सात वर्षं. ही शिक्षा हलकी आहे असं कुणी म्हणू नये. आणि लुटलेल्याला यात काहीतरी मिळतं. तुरुंगात त्याला फक्त समाधान मिळतं, तेही थोडे दिवस.

आणि ज्यानं रडणं ऐकलं, तरी फोन ठेवला नाही? म्हातारीला दोन-दोन दिवस व्हिडिओ कॉलवर कोंडून ठेवलं, एफडी मोडायला लावली? तिथं मी वयाची सवलत मागणार नाही. बाविसाव्या वर्षीही नाही. त्याला समोरचा माणूस दिसत होता.

आता आपल्या घरचं. हा भाग काहींना आवडणार नाही.

मोठे गुन्हेगार कुठंतरी लांब बसलेले असतात. पण चोरलेले पैसे फिरवायला त्यांना खाती लागतात, आणि ती खाती आपल्यासारख्यांच्या पोरांची असतात. पुण्याला, सोलापूरला शिकायला किंवा कामाला गेलेला मुलगा. कुणीतरी मित्र म्हणतो, तुझं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे, तुला काही करायचं नाही. मांडव्यांच्या आश्रमात चोरांनी माल ठेवला तो त्यांना न विचारता. इथं पोरगं भाडं घेऊन जागा देतंय.

खातं गोठलं, पोलिसांचा फोन आला, की घरी काय होतं? जे अप्पा ग्रुपवर "असल्यांना चौकात फटके द्या" असं लिहितात, तेच म्हणतात, "आमच्या पोराला काय माहीत होतं हो, भोळं आहे." दुसऱ्याच्या पोराला फटके आणि आपल्याला भोळेपणा. ज्यांची तूर गेली त्यांना हे भोळं पोरगंही चोरच दिसतं. वाल्या कोळ्याच्या बायकोपोरांनी निदान सरळ सांगितलं होतं, तुझ्या पापात आमचा वाटा नाही. आपण तर दारात नवी गाडी आली तेव्हा पेढे वाटतो, पैसे कुठून आले विचारत नाही, आणि पकडला गेल्यावर वकील शोधतो. वकील शोधावाच, त्यात चूक नाही. पण गाडीचं काय करायचं हे आधी घरात ठरावं.

शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची गोष्ट आहे. धाकट्या लिखितानं थोरल्याच्या बागेतली फळं न विचारता खाल्ली. थोरला म्हणाला, ही चोरी झाली, राजाकडं जा, स्वतः सांग आणि शिक्षा माग. लिखित गेला. सुद्युम्न राजा म्हणाला, मला दंड द्यायचा अधिकार आहे तसा माफ करायचाही आहे, तुला सोडलं. लिखितानं माफी घेतली नाही, शिक्षाच मागितली. राजानं त्याचे हात तोडले. फळांसाठी हात, ही शिक्षा आज कुणीच मान्य करणार नाही, मीही नाही. पण पुढचं बघा. तो परत भावाकडं आला. भावानं त्याला जवळ केलं, बाहुदा नदीत स्नान करायला सांगितलं, आणि हात परत आले. लिखितानं विचारलं, एवढं तुझ्या हातात होतं तर आधीच का नाही मला शुद्ध केलंस? शंख म्हणाला, दंड देणं माझं काम नव्हतं, ते राजाचं.

भावानं लपवलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. आपल्या घरांत या दोहोंपैकी एक तरी होतंच.

शेवटी कामाचं. खातं गोठवल्याचा मेसेज आला, किंवा मुलानं खातं भाड्यानं दिल्याचं कळलं, तर सिम फेकून देऊ नका, फोनमधलं काही पुसू नका. बँकेत जाऊन लेखी कळवा. चांगल्या वकिलाचा सल्ला घ्या आणि कलबुर्गी किंवा बीदरच्या सीईएन पोलीस ठाण्यात जाऊन आहे ते सांगा. पैसे गेलेला माणूस आपल्यातला असेल तर १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते. आणि ठाण्यात पोराला एकट्याला पाठवू नका. वडील, आजोबा, मामा, कुणीतरी मोठं माणूस बरोबर जा, आणि आत तो बोलत असताना तुम्ही मध्ये बोलू नका.

जय गुरुदेव.